स्वस्त माल कोणाच्या खर्चाने?

वस्तू स्वस्त झाली की ग्राहक म्हणून आपल्याला आनंद होतो आणि तो होणे स्वाभाविकच आहे. पण ती कशामुळे स्वस्त झाली, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. साबण, शाम्पू, बिस्किटे, चहा अशा रोजच्या वापराच्या वस्तूंच्या विक्री-वितरणात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. सांगली-मिरजेपासून जत-आटपाडीपर्यंतच्या दुकानांत मी ऑर्डरी घेत हिंडलो आहे आणि पुढे पुण्यात वितरकांचे काम जवळून पाहिले आहे, त्यामुळे मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझे मत असे बनले आहे की भारतातील कंपन्यांच्या स्पर्धेत स्वस्ताई दोन वाटांनी येते. एक वाट खर्चाची नव्याने मांडणी करण्याची, तर दुसरी केवळ तोटा सोसण्याची ऐपत आहे म्हणून भाव पाडण्याची. दुकानाच्या फळीवर दोन्ही सारख्याच दिसतात. बाजारावर होणारे त्यांचे परिणाम मात्र अगदी वेगळे असतात आणि आपला कायदा या दोहोंत पुरेसा भेद करत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

पहिल्या वाटेचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच निरमाचे. हिंदुस्तान लिव्हरने १९५९ मध्ये सर्फ बाजारात आणली, तेव्हा धुण्याची पावडर ही सुखवस्तू घरांची वस्तू होती. बाकीचा देश साबणाच्या वडीवर कपडे घासत होता. गुजरात सरकारच्या खनिज खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणाऱ्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत घरच्या घरी पिवळी पावडर तयार करून ती सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. सर्फच्या एक तृतीयांशाहूनही कमी भावात ही पावडर मिळत असे. एवढा फरक कुठून आला, हे नीट पाहण्यासारखे आहे. मोठ्या कंपन्या पावडर तयार करण्यासाठी जे उंच मनोरे आणि यंत्रसामग्री वापरत, त्यांतले काहीच इथे नव्हते. सोडा अ‍ॅश आणि इतर घटक माणसे हाताने मिसळत. वीज न वापरणाऱ्या लहान उद्योगाला मिळणारी अबकारी करातली सवलत त्यामुळे पदरात पडली. सुगंध, पांढरेपणा आणणारी द्रव्ये, रंगीत खोके यांवर खर्च नव्हता. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत माल जाई. विक्रेत्यांची फौज नव्हती आणि वितरकाला माल रोखीने उचलावा लागे, म्हणजे उधारीत पैसा अडकत नसे. प्रत्येक रुपया कुठे वाचला, ते बोट ठेवून दाखवता येते. स्वस्ताईचा उगम असा दाखवता येणे, हीच माझ्या मते निरोगी स्पर्धेची खूण आहे.

हिंदुस्तान लिव्हरने या आव्हानाला आधी जाहिरातीने उत्तर दिले. लिंटास या जाहिरात संस्थेच्या अलीक पदमसी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ललिताजी ही व्यक्तिरेखा आजही अनेकांना आठवते. स्वस्त वस्तू घेणे आणि चांगली वस्तू घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ती भाजीवाल्याशी घासाघीस करता करता ठणकावून सांगत असे. जाहिरात म्हणून ती उत्तमच होती आणि सर्फ वापरणारे घर तिने सर्फकडे टिकवून धरले. परंतु ज्या घरात सर्फ कधी गेलीच नव्हती, त्या घराशी ती बोलतच नव्हती आणि निरमाचा खरा ग्राहक नेमका तोच होता. हे लक्षात आल्यावर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने व्हील ही स्वस्त पावडर आणली. माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे, कारण व्हीलसाठी कंपनीला स्वतःच्या सवयी मोडाव्या लागल्या. माल बाहेरच्या लहान उत्पादकांकडून तयार करून घ्यावा लागला, नगामागे कमी नफ्यावर समाधान मानावे लागले, पूर्वी ज्यांच्याकडे विक्रेता फिरकतही नसे अशा खेड्यांतल्या दुकानांपर्यंत पोहोचावे लागले आणि सोडा अ‍ॅशमुळे हाताची आग होते ही गृहिणींची तक्रार ऐकून त्यानुसार पावडर बदलावी लागली. निरमाही संपली नाही; तिने पुढे सोडा अ‍ॅशसारख्या कच्च्या मालाचे स्वतःचे कारखाने उभारले. कानपूरची घडी ही धुण्याची पावडर याच दशकात उभी राहिली आणि उत्तर भारतात तिने दोघांच्याही वाट्याला हात घातला. म्हणजे भावाच्या लढाईनंतर मैदानात आधीपेक्षा जास्त खेळाडू होते आणि पावडर वापरणारी घरे कितीतरी पटींनी वाढली होती.

शाम्पूची गोष्टही याच जातीची आहे, फक्त इथे बचत मालात नसून मापात आहे. तमिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पूची लहान पुडी रूढ करण्यात पुढाकार घेतला आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पू सुरू केला. बाटलीचे पैसे एकदम देणे ज्या घराला परवडत नाही, त्या घराला एका न्हाणीपुरता शाम्पू परवडतो, हा त्यामागचा विचार होता. रिकाम्या पुड्या परत आणून दिल्या की चिकची एक पुडी मोफत, अशी योजना त्यांनी राबवली. सुरुवातीला कोणत्याही कंपनीच्या पाच पुड्या चालत, नंतर फक्त चिकच्याच घेतल्या जाऊ लागल्या. प्रतिस्पर्ध्याचा ग्राहक हेरून त्याला आपल्याकडे वळवण्याची इतकी कमी खर्चाची युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. १९९९ मध्ये चिकची पुडी पन्नास पैशांवर आणली गेली आणि मोठ्या कंपन्यांनाही आपले भाव आणि मापे पुन्हा तपासावी लागली.

या पुडीची विक्री प्रत्यक्षात कशी होते, हे काउंटरच्या अलीकडे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. जत तालुक्यातल्या बाजाराच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानासमोर गर्दी असते. दुकानदाराच्या डोक्यावर तारेच्या हुकांना शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात आणि समोरची बाई म्हणते, ‘रुपयाचा शाम्पू द्या दोन.’ ती कंपनीचे नाव घेत नाही. दुकानदार एका हाताने साखर जोखत असतो, दुसरा हात वर करतो आणि जी माळ हाताला येईल तिच्या दोन पुड्या टरकन फाडून देतो. दूरचित्रवाणीवर खर्च झालेले कोट्यवधी रुपये त्या क्षणी त्या हाताच्या टप्प्यात आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून आमच्या कामात पहिल्या हुकाच्या जागेसाठी जी चुरस चालत असे, ती कोणत्याही जाहिरातीच्या चुरशीपेक्षा कमी नव्हती. बारा माळांवर एक माळ मोफत, हुकाचा स्टँड कंपनीकडून, महिनाभर माळ पुढे ठेवली तर डिस्प्लेचे पैसे वेगळे. एवढे करूनही दुसऱ्या कंपनीचा सेल्समन दुपारी येऊन आपली माळ पुढे आणि आमची मागे करून जात असे. आपल्याकडच्या मार्केटिंगचा फार मोठा भाग हा असा आहे: माल दुकानात असणे, तो हाताशी असणे आणि दुकानदाराला तो विकण्यात चार पैसे जास्त मिळणे.

नाण्याचे बंधन हाही याच व्यवहाराचा भाग आहे. एक, दोन, पाच आणि दहा रुपये या किमतींभोवती भारतातील रोजच्या वस्तूंचा बाजार बांधलेला आहे, कारण हातातले नाणे पुढे करून वस्तू घेणारा ग्राहक किमतीत फरक सहन करत नाही. मापात थोडा फरक पडला तर तो खपवून घेतो. म्हणून गहू आणि पामतेल महागले की बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच राहते आणि वजन उतरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, साबण, बिस्किटे यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा हेच उलट दिशेने पाहायला मिळाले. पाच रुपयांच्या पुड्याची किंमत कराच्या कपातीप्रमाणे चार रुपये पंचेचाळीस पैसे व्हायला हवी. पण पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली आहेत, तर उरलेले पंचावन्न पैसे दुकानदार परत देणार कसे? त्यावर सरळ उपाय म्हणजे किंमत तीच ठेवून वजन वाढवणे. ग्राहकाला कपातीचा लाभ अशा रीतीने ग्रॅममध्ये मिळतो आणि तो मोजून पाहणारे थोडेच असतात.

जाहिरातींतल्या चकमकी वाचायला आणि पाहायला रंजक असतात. १९९६ च्या विश्वचषकाचे अधिकृत प्रायोजकत्व कोका-कोलाकडे असताना पेप्सीने अधिकृत नसण्याचाच डंका पिटला. २०१० मध्ये रिनच्या जाहिरातीत प्रतिस्पर्धी टाइडचे पाकीट उघड उघड दाखवले गेले आणि प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. परंतु अशा चकमकींनी कोणाचा धंदा बसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. धंदे बसतात ते भावाने आणि उधारीने.

डी-मार्टचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण त्याने आमच्या ओळखीच्या अनेक किराणा दुकानदारांचे महिन्याचे गिऱ्हाईक ओढून घेतले आणि त्याचे मला दुःख आहे. तरीही त्या स्पर्धेला मी अन्याय्य म्हणणार नाही. राधाकिशन दमानी यांनी २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडल्यापासून शक्य तिथे जागा स्वतःच्या मालकीची ठेवणे, पुरवठादाराचे पैसे लवकर देऊन त्याच्याकडून चांगला भाव मिळवणे, सजावटीवर उधळपट्टी न करणे आणि ज्या मालाला उठाव आहे तोच ठेवणे, या शिस्तीवर तो व्यवसाय चालला आहे. त्यांची स्वस्ताई निरमाप्रमाणेच ताळेबंदात दाखवता येते आणि कंपनी नफ्यात आहे.

आता दुसऱ्या वाटेकडे येतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स समूहाच्या जिओची मोबाइल सेवा सुरू झाली, आधी डिसेंबरअखेरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत ती मोफत होती. इथे न्याय्य बोलले पाहिजे. केवळ फोर-जीवर उभारलेल्या नव्या जाळ्यामुळे डेटा पुरवण्याचा खर्च खरोखरच खाली आला होता आणि त्या स्वस्ताईने देशाच्या कानाकोपऱ्यात इंटरनेट पोहोचवले, हे कोणीही नाकारू नये. परंतु मोफत महिने त्या तंत्रज्ञानातून आले नव्हते. ते समूहाच्या इतर व्यवसायांच्या भांडवलातून आले होते. एअरटेलने बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. जून २०१७ मध्ये आयोगाने ती फेटाळली आणि कारण असे दिले की नव्याने आलेल्या कंपनीचा बाजारातला वाटा लहान आहे, ती प्रबळ स्थानी नाही, म्हणून तिच्या किमती प्रबळ स्थानाचा गैरवापर ठरू शकत नाहीत. पुढच्या काळात एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांनी आपला मोबाइल व्यवसाय एअरटेलला देऊन टाकला, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. खासगी कंपन्या तीन उरल्या आणि जुलै २०२४ मध्ये तिघींनीही लागोपाठ दर वाढवले. त्या वेळी दर आवडला नाही तर जायचे कुठे, हा प्रश्न ग्राहकाला पडला. १९८८ सालच्या गृहिणीला धुण्याच्या पावडरीबाबत तो कधी पडला नव्हता.

आयोगाचा निर्णय कायद्याला धरूनच होता, असे मला वाटते. अडचण कायद्यातच आहे. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ मध्ये प्रतिस्पर्ध्याला बाजूला सारण्याच्या हेतूने खर्चापेक्षा कमी किमतीत विकणे निषिद्ध आहे. पण ते निषिद्ध आहे फक्त प्रबळ स्थानी असलेल्या कंपनीला. राष्ट्रीय शेअर बाजाराने चलनातील वायदे व्यवहारांवर शुल्कच न आकारण्याचे धोरण ठेवले, तेव्हा त्याच आयोगाने २०११ मध्ये ते अनुचित ठरवून ५५.५ कोटी रुपयांचा दंड केला होता, कारण शेअर बाजार प्रबळ स्थानी आहे असा त्याचा निष्कर्ष होता. दोन्ही प्रकरणांत किंमत शून्यच होती. शेअर बाजाराच्या प्रकरणात तिला शिक्षा झाली, जिओच्या प्रकरणात झाली नाही आणि फरक एवढाच की तक्रारीच्या दिवशी कोणाचा वाटा किती होता. दुसऱ्या धंद्यातून किंवा गुंतवणूकदारांकडून वाटेल तेवढे भांडवल आणू शकणारी कंपनी बाजारात पहिले पाऊल टाकताना लहानच असते. ती प्रबळ ठरेपर्यंत ज्यांनी तक्रार करायची, ते उरलेले नसतात.

गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न माझ्या जुन्या क्षेत्रात आला आहे. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या अ‍ॅपची सोय मोठी आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. पण भावाचा हिशेब पाहा. शंभर रुपये एमआरपी असलेल्या वस्तूवर दुकानदाराला साधारण आठ-दहा रुपये सुटतात, वितरकाला चार-पाच रुपये. त्या चार-पाच रुपयांत वितरकाला गोदामाचे भाडे, टेम्पो, सेल्समनचा पगार, दुकानदाराला दिलेली दोन-तीन आठवड्यांची उधारी, फुटका माल आणि मुदत संपलेला माल हे सगळे भागवायचे असते. सवलतींच्या भरपाईसाठी कंपनीकडे केलेल्या क्लेमचे पैसे कधी वेळेवर येतात, कधी येत नाहीत. म्हणजे दुकानदाराची खरेदी नव्वदच्या आसपास पडते. कोथरूडच्या एका जुन्या परिचयाच्या दुकानदारांनी मला त्यांच्या फोनवर चहाचे तेच पाकीट त्यांच्या खरेदीच्या बिलापेक्षा कमी भावात मिळत असल्याचे दाखवले आणि म्हणाले, ‘साहेब, एजन्सीच्या बिलापेक्षा इथं स्वस्त पडतंय. मी माल कुठून भरू, ते तुम्हीच सांगा.’ माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हते, कारण तो भाव त्यांच्या कार्यक्षमतेवर मात करून आलेला नव्हता. एका पाकिटामागे मोटारसायकलवरून माणूस पाठवणारी व्यवस्था, टेम्पोने खोकी उतरवणाऱ्या व्यवस्थेपेक्षा स्वस्त पडणे शक्य नाही; मधला फरक कोणीतरी भरत होते.

परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांना मालाच्या विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रभाव टाकता येणार नाही, असे केंद्राच्या २०१८ च्या अखेरीस निघालेल्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे आणि ती १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. तरीही कूपन, परतावा, घरपोच शुल्काची माफी अशा निरनिराळ्या नावांनी सवलत देता येते आणि ती मूळ विक्रेत्याने दिली की मंचाने, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीने, हे ग्राहकाला कळत नाही. २०२४ मध्ये ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशनने या सवलतींविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. वितरकांच्या संघटनेला स्वतःचा धंदा वाचवायचा आहे, हे उघड आहे आणि त्यात गैर काहीच नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी अकार्यक्षमता पोसली, लहान दुकानदाराकडे दुर्लक्ष केले, हेही मी पाहिले आहे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर आहे.

संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये डिजिटल बाजारपेठांवर दिलेल्या अहवालात मोठ्या सवलतींचा समावेश स्पर्धेला बाधक ठरणाऱ्या प्रथांमध्ये केला होता. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा जाहीर झाला, त्यात मोठ्या मंचांनी स्वतःच्या मालाला झुकते माप देऊ नये, ग्राहकांच्या माहितीचा गैरवापर करू नये अशी बंधने सुचवली आहेत. मसुद्यात मला एक साधी तरतूद हवी आहे. वितरकाच्या बिलावर कंपनीची स्कीम, रोखीची सूट आणि डिस्प्लेचा मोबदला हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले असतात आणि कोणती सूट कोणाच्या खिशातून गेली, हे ते बिल पाहून पाचवी शिकलेला हमालही सांगू शकतो. अ‍ॅपच्या बिलावरही उत्पादकाने दिलेली सवलत, विक्रेत्याने दिलेली सवलत आणि मंचाने दिलेली सवलत असे तीन रकाने असावेत आणि विशिष्ट प्रमाणाच्या पुढे तिसऱ्या रकान्यातली रक्कम गेली, तर कंपनी प्रबळ स्थानी आहे की नाही याची वाट न पाहता आयोगाला चौकशी करता यावी. यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. हा हिशेब त्या कंपन्यांकडे आजही पाकिटागणिक असतो, कारण त्याशिवाय उत्पादकांकडून त्यांच्या वाट्याच्या सवलतीचे पैसे वसूल होत नाहीत.